कलम नऊ, पोटकलम ब

नियम मी केलेला नाही.
मी तो फक्त टाइप केला, एकोणीस वर्षांपूर्वी,
एक अक्षर अर्धवटच उमटवणाऱ्या यंत्रावर:

लागोपाठ तीन सभांना पूर्वसूचनेविना
गैरहजर राहणाऱ्या सदस्याची जागा
रिक्त झाली असे समजण्यात येईल.
पूर्वसूचना लेखी असावी. चोवीस तास आधी. कारणासह.

हे 'कारणासह' कुणी घातलं, आठवत नाही.

सुपीरिअर सरोवराच्या काठचं आमचं गाव,
कागदोपत्री शहर.
एकच सिग्नल, तोही रात्री दहानंतर
नुसता पिवळा लुकलुकतो.
वृक्ष मंडळावर सात माणसं, बिनपगारी,
कॉफीसुद्धा घरून आणणारी.
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, साडेसहाला,
नगरभवनाच्या तळघरात बॉयलरशेजारी बसून
कुठला ॲश किड्यांनी पोखरला,
कुठला मेपल तारांना टेकला, ते बोलतात.

हजेरीपत्रक माझ्याकडे.
ह म्हणजे हजर. ग म्हणजे गैरहजर.
क म्हणजे कळवून गैरहजर.
रेइनो कांगसच्या नावापुढे अकरा वर्षं
ह ह ह ह ह
कुणी एकटंच हसत बसलंय असं वाटावं.
मग नोव्हेंबर, ग.
डिसेंबर, ग.
जानेवारीत पेन टेकवण्याआधी मी फोन केला.

मागे नळ वाहत होता
आणि एक बाई विचारत होती, कोण आलंय? कोण आलंय?
म्हटलं, पुढच्या वेळी तरी एक ओळ पाठवा,
मी क लिहीन.
"कारण लिहावं लागेल?"
एक शब्द चालेल, म्हटलं.
नळ बंद झाला.
"आइलीला वाचता येतं अजून," तो हळूच म्हणाला,
"दिसेल तो कागद वाचते."

ग लिहिलं.
पत्र गेलं, रजिस्टरनं. सही माझी.

फेब्रुवारी. जिन्याच्या कठड्यापर्यंत बर्फ.
विषय क्रमांक सहा: रिक्त जागा.
पावणेसात झाले तरी तिघंच.
कोरमला चार लागतात.
एल्मर सोर्गे थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला,
"न आल्याबद्दल एकाला काढायचं,
आणि काढायला पुरेसे आपणच आलो नाही."

जिन्यावर पावलं वाजली. चार पाय,
दोन पायांच्या बेतानं उतरणारे.
रेइनो. दंडाला धरून आइली,
लोकरी टोपी उलटी घातलेली.
त्यानं तिला भिंतीलगतच्या खुर्चीत बसवलं,
हातमोजे काढून तिच्या मांडीवर ठेवले
आणि आपल्या जागेवर येऊन बसला.
मी लिहिलं: सहा बावन्न. कोरम पूर्ण.

एक ते पाच विषय झाले.
चर्चमागच्या एल्मचं त्यालाच विचारावं लागलं.
"जगेल," तो म्हणाला. "हिला रोज तिथवर फिरवून आणतो.
वरची फांदी तेवढी काढा."

सहावा आला.
अध्यक्षा बर्नडेट लाशान्स यांनी कागद पालथा ठेवला.
रेइनोनं हात लांबवून तो सरळ केला.
"कलम स्पष्ट आहे. जागा रिक्त समजावी,
असा ठराव मी मांडतो."

अनुमोदन?

तिघं टेबलाकडे बघत होती,
ओकमधल्या गाठी आजच मोजून हव्यात तशी.

अनुमोदन कुणाचं?

"कोण आलंय?" भिंतीकडून आवाज.
"रेइनो आलाय, आइली," एल्मर म्हणाला.

हे इतिवृत्तात नाही.
इतिवृत्तात आहे:
अनुमोदनाअभावी ठराव बारगळला. सभा सात चाळीसला संपली.

मार्चची सभा चौदा तारखेला.
त्याचा रकाना कोरा आहे.
तेवढं 'कारणासह' खोडायचं म्हणून
मी एक मसुदा करून ठेवलाय, खणात.
पण ठरावाला चार पुरतात,
कलम बदलायला पाच लागतात.