पडीक

त्या दिवशी दुभाष्या मीच होतो.
कडुनिंबाखाली बारा प्लास्टिकच्या खुर्च्या,
अकरा त्यांना, एक गावप्रमुखाला,
बाकी गाव मातीवर.
तमालेहून आलेली लाल धूळ
त्यांच्या पांढऱ्या गाडीवर अजून बसत होती.

थंड देशातले पाहुणे. नाकाचे शेंडे सोललेले.
त्यातला एक, ज्याला सगळे डॉक्टर म्हणत
पण ज्यानं अझाराच्या पोराचा ताप पाहिला नाही,
मूठ उघडून तीन काळ्या बिया दाखवत म्हणाला,
यात विमान उडवायचं बळ आहे.
मी सांगितलं. लोक हसले.
फुसेना म्हणाली, बकरीसुद्धा याला तोंड लावत नाही.
तेवढं मी गाळलं.

मोगली एरंड आम्हाला काही नवा नव्हता.
कुंपणाला असायचा, थडग्यांच्या कडेला असायचा.
पोरं त्याचा चीक काडीच्या फासात धरून
फुंकर मारायची, फुगे सोडायची.
त्याचं एवढंच उड्डाण आम्ही पाहिलेलं.

मग त्यांनी विचारलं,
ओढ्यापलीकडच्या जमिनीत काय आहे?
म्हातारा वुम्पिनी म्हणाला, ती निजलीय.
सहा वर्षं पिकली, दमली, आता तिला उठवू नका.
मधली शियाची झाडं बायकांची.
मी शब्द शोधत राहिलो.
निजलेल्या जमिनीला त्यांच्याकडेही शब्द असणार,
मला शाळेत तो कुणी शिकवला नव्हता.
सगळे माझ्याकडे बघत होते, ऊन चढत होतं.
मी म्हणालो, रिकामी आहे.

कागदावर पेन सरकल्याचा आवाज.

गावप्रमुखाचा अंगठा जांभळा झाला.
तीन दिवस त्यानं तो धुतला नाही, मिरवला.

शियाचं झाड लावून येत नाही.
येतं ते आपलं आपण, आणि फळाला
वीसेक वर्षं वाट पाहायला लावतं.
बुलडोझरला एकेक दीड मिनिट लागलं.
बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या,
कच्ची फळं वेचून परत गेल्या.
ओसाड गावी एरंड बळी, म्हणतात.
पण त्यासाठी गाव आधी ओसाड करावं लागतं.

एरंडाचं गुऱ्हाळ मी खरोखरचं चाललेलं पाहिलंय.
पत्र्याची शेड, लोखंडी घाणा, बैठकांवर बैठका,
भिंतीवर निळ्या पृथ्वीचं चित्र,
टनामागे किती धूर वाचला त्याचा तक्ता.
चार वर्षांत तेल निघालं सहा पिंपं.
दोन त्यांच्याच ट्रॅक्टरनं प्यायली.
उरलेली फोटोत गेली.

मग कुठे तरी समुद्रापार खनिज तेल स्वस्त झालं
आणि एका सकाळी शेडला कुलूप होतं.
डॉक्टरनं जाताना मला आपली टोपी दिली.
ती मी वापरली. चांगली होती.

आता हरमॅटनच्या धुळीत दुसरी गाडी आलीय.
हिला आवाज नाही, बॅटरीवर चालते.
खुर्च्या त्याच, दोन मोडल्यात.
आलेली मुलगी आमच्याकडचीच, सुहुयिनी नाव,
पण आमची बोली तिला अडखळत येते, म्हणून पुन्हा मी.
झाडं लावायची आहेत, ती सांगते.
इथल्या झाडांनी धूर प्यायचा,
तिकडच्या कंपन्यांनी त्याचे पैसे मोजायचे.
वाईट नाही दिसत. मन लावून बोलते.
मग टॅब्लेटवर बोट ठेवून विचारते,
ओढ्यापलीकडच्या जमिनीत काय आहे?

अझारा माझ्याकडे बघते.
तिचा मुलगा आता माझ्याहून उंच आहे.

मी प्रश्न पोचवला. एकच शब्द बदलला.
तिथं कोण आहे, असं विचारलं.

मग बायका बोलायला लागल्या.
खोडावर विजेची खूण असलेलं ते,
तिच्या सासूनं जिथं नाळ पुरली ते,
दोन वर्षांआड फळणारं, हट्टी,
बुंध्यातून पुन्हा फुटलेली सात,
त्यातली दोन फुसेनाच्या लेकींची.
मी एकही गाळलं नाही.
सुहुयिनी आधी भराभर लिहीत होती, मग हळू.
ऊन कलंडलं. टॅब्लेटची बॅटरी संपली.
कुणी तरी कंदील आणायला गेलं.
अझारा अजून ओढ्याच्या काठालाच होती.