नाव तेच राहील

मे महिना, सेहेचाळीस अंश.
सिव्हिल लाइन्सच्या पाटबंधारे कार्यालयात
कूलरच्या ताट्या दुपारीच वाळून कुसळं झालेल्या,
आणि मी टेबलाटेबलाशी सांगत फिरतोय:
तुमचे दस्तऐवज आजपासून सर्व्हरवर.
स्क्रीनवर काही बदलणार नाही,
पिवळं फोल्डर तिथंच दिसेल,
नाव तेच राहील,
उघडाल तसं उघडेल.
फक्त आतलं इथं नसेल.

"मंग कुठं असन?"
गजभिये बारनिशीतून मान न उचलता.
जिन्याखाली, म्हणतो मी, जुन्या नकाशांच्या खोलीत,
हिवाळी अधिवेशनाला तुम्ही गाद्या रचायचे तिथं.
एसी फक्त त्याच खोलीला मंजूर झाला.
"म्हणजे फाइली थंडाव्यात अन् आम्ही उकाड्यात.
करा बाप्पा."

काम तसं सोपं.
वर एक नियम लिहायचा,
खाली प्रत्येकाच्या नावाची खोली पाडायची,
कुलूप असं की शेजारच्या टेबलाला दिसू नये,
मग म्हणायचं, बाहेर पडा, पुन्हा आत या.
चक्र फिरत राहतं
आणि वीस-वीस वर्षं भिंतीतल्या निळ्या वायरीतून
खाली उतरतात:
टिप्पण्या, अंदाजपत्रकं, कुणाच्या बारशाचे फोटो,
'अंतिम', 'अंतिम दोन', 'अंतिम खरं'.
मी वाचत नाही.
पट्टीवर नावं सरकतात तेवढी डोळ्यांत जातात.

ठवकर मॅडमची पट्टी एक्क्याऐंशी टक्क्यांवर अडली.
एका फाइलीचं नाव फार लांब, सर्व्हरला पेलेना:
'मौजा खैरीटोला जुने गाव घर क्र. बावीस
आंबे चार मोह दोन विहीर एक
निवाड्याची प्रत बाबांकडची'.

छोटं करा, मी म्हणालो. 'जुने' काढलं तरी चालेल.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"तेच तं नका काढू.
आमचंही असंच केलतं. याच ऑफिसनं.
नाव तेच राहील म्हणे.
राह्यलं ना.
बोर्डावर तेच, शाळेवर तेच,
मारोती उचलून आणला, तोही तोच.
माय अजून नदीवर जातो म्हणून निघते
अन् डांबरी रोडावर जाऊन उभी राहाते.
मले नोकरी भेटली त्याच्यात."

कूलरचा पंखा नुसताच घरघरत होता.

मला जे येतं ते मी सांगितलं:
लाइन तुटली तरी एक प्रत इथं राहते,
जोडली की दोन्ही जुळवून घेते.
"अन् दोन्हीकडं येगयेगळं असलं तं?"
मग मशीन विचारतं, कोणतं ठेवायचं.
"बरं हाय," त्या म्हणाल्या.
"इचारते तरी."

मी त्यांच्या नावाला हात लावला नाही.
वरचीच कापली, जी आम्ही ठेवली होती:
मंडळ, विभाग, उपविभाग, कार्यासन.
वाट आखूड झाली.
फाइल एका श्वासात गेली.

साडेपाचला मी खाली वायरी बांधत होतो,
दारात कुणीतरी उभं.
चपला बाहेर काढा, अशी पाटी मीच लावलेली,
धुळीसाठी.
त्यांनी ती वाचली नसावी. तरी काढल्या.
आत येऊन हिरव्या दिव्यांकडं बघत राहिल्या,
पदर गळ्याशी ओढून, गारठ्यानं.

"याच्यातलं कोणतं?"

मला खरंच ठाऊक नव्हतं.
एकच फाइल चार डबड्यांत वाटून पडते,
हे तेव्हा सांगवलं नाही.
मी वरून तिसऱ्याकडं बोट दाखवलं.