सुरगाठ

गिरेसुनच्या डोंगरावर ऑगस्टात लग्न काढू नये,
आई सांगत होती, तू ऐकलं नाहीस.
आता अंगणभर ताडपत्र्यांवर हेझलनट वाळतायत
आणि पाहुणे कडेकडेनं चालतायत,
नवे बूट जपत,
जसं तिथं कुणी झोपलंय.

सकाळपासून माझ्या ओठांत टाचण्या.
बरंच आहे ते,
नाहीतर काय काय बोलून बसले असते.
तुझ्या पाठीची चेन मध्येच अडली.
मेणबत्तीचा तुकडा घासला, शिव्या घातल्या,
शेवटी टाचण्या थुंकून दातांनीच ओढली.
म्हटलं, श्वास सोड. सगळा नको, थोडा ठेव.
तू हसलीस, आणि ती सर्रकन वर गेली.

सोनगुल. शेवटचं गुलाब.
आजोबांनी तुझ्या कानात तीनदा म्हटलं होतं हे नाव,
देवानंही ऐकावं, की मुली आता पुरे.
त्यानं ऐकलं. दोन वर्षांनी यावुझ झाला.
तो यावुझ आज श्टुटगार्टला आहे.
शिफ्ट बदलून मिळाली नाही म्हणे.
त्याचा निरोप तू फोनवर दोनदा ऐकलास,
मागून कारखान्याची घरघर,
मग फोन उशीखाली ठेवलास, पालथा.

पहाटे चारला तू गॅलरीत आली होतीस.
खाली समुद्र नुसता काळा, एक बोटीचा दिवा.
आब्ला, म्हणालीस,
लहानपणी अंधारात म्हणायचीस तशी,
मी चुकले असले तर?
मला कुठलं येतं असल्याचं उत्तर.
एकोणचाळीस वर्षांची मी,
बोटं हेझलनटच्या सालांनी काळी पडलेली,
लग्न म्हणजे काय ते मी शिजवलेल्या पातेल्यांवरून मोजते.
चहा ओतला. साखर दोन खडे.
मग म्हटलं, खालची खोली मी भाड्यानं देणार नाहीये.
तू काही बोलली नाहीस.
दोन्ही खडे विरघळेपर्यंत ढवळत राहिलीस,
आणि त्यानंतरही.

आता ढोल दारात. सनई कर्कश.
मधल्या दोघी बहिणी तुझा बूट उलटा धरून
तळव्यावर बिनलग्नाच्या मुलींची नावं लिहितायत,
नाचून ज्याचं नाव पुसेल तिचं पुढचं लग्न.
तू पेन हिसकावलंस.
माझं नाव तू लिहिलंस,
टाचेपुढच्या त्या कमानीत,
जिथं जमीन कधी टेकतच नाही.
वर न बघता बूट घातलास.
म्हणजे तुला माहीत होतं.
मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, आणि तुला माहीत होतं.

लाल फीत भावानं बांधायची असते.
भाऊ नाही. वडील वरच्या उतारावर, मातीत.
रमीजकाका खाकरले, पुढे झाले,
हात तबकाकडे.
मी आधी उचलली.
खोली गप्प. कुणाचातरी चमचा बशीत वाजला.
काका म्हणाले, बाईनं बांधत नाहीत.
म्हटलं, हिची वेणी वीस वर्षं कोण घालत होतं?
आईनं माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघितलं.
बांधू दे, म्हणाली.

रिवाज असा, की दोनदा बांधून सोडायची,
तिसऱ्यांदा पक्की.
एकदा. सोडली.
दुसऱ्यांदा. तुझं पोट फितीखाली थरथरत होतं,
परीक्षेच्या सकाळी थरथरायचं तसं.
तिसऱ्यांदा मी दोन्ही टोकं ओढली,
घट्ट ओढली, सगळ्यांना दिसेल अशी.
काका समाधानानं मान हलवत होते.
पण निरगाठ नाही बांधली मी, सोनगुल.
सुरगाठ बांधली.
डाव्या बाजूचं टोक. एक हिसका पुरे.
तुझी बोटं तिथं गेली, चाचपलं,
आणि पदर नीट करावा तशी
झालर तू त्यावर ओढून घेतलीस.

मग रडारड, पैसे, दार अडवून बसलेला पुतण्या,
हॉर्न वाजवत गाड्यांची रांग.
मी अंगणात उभी, हातात उरलेल्या तीन टाचण्या.
वळणावर तुझी गाडी हळू झाली,
काच खाली आली,
ते पांढरं सगळं सावरत तू अर्धी बाहेर,
मला वाटलं आता हात हलवशील.
तू डोंगरामागच्या ढगाकडे बोट केलंस
आणि ओरडलीस,
"ताडपत्री!"