जोडा

एकोणसत्तर साली चॅपलच्या उतारावर
ती थांबली नाही.
इड्वलने हातातला ब्रेक दाबला, पायातला दाबला,
देवाचं नाव वेल्शमध्ये घेतलं, पुढचं सगळं इंग्रजीत,
तरी त्रेपन्न सालची ती बीएसए
मेंढ्यांच्या कळपातून गेली
जशी एखादी आत्या लग्नघरातून जाते,
धक्के देत, कुणाकडेही न बघता.
मी चरात. अंगावर नवा हिरवा कोट.
उठले आणि म्हणाले,
ही थांबायला शिकेल त्या दिवशी मागे बसेन.

मग मुलं झाली. खाणीतली माणसं कमी झाली.
गाडी खुराड्यामागे ताडपत्रीखाली,
तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या,
आणि आम्ही बसने फिरायचो.

या हिवाळ्यात पुढचं चाक स्वयंपाकाच्या टेबलावर आलं.
त्याने आतली जुनी धूळ ओल्या फडक्याने टिपली.
फुंकली नाही.
पाटीच्या दगडाच्या धुळीने त्याचे वडील गेले,
त्याला हे कुणी सांगावं लागत नाही.

ड्रम गोल नाही, असं त्याने
डॉक्टरच्या आवाजात जाहीर केलं.
आरे ताणले की तो अंड्यासारखा होतो,
म्हणून चाक पुरतं बांधून मगच लेथवर चढवायचं.
बँगोरच्या तेग्वेनने केसाएवढं कापलं.
म्हणाली, पुन्हा आणू नका,
आता उरलंय ते लोखंड मोजकंच आहे.
परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही गप्प होतो.

नवे लायनर मऊ घेतले. टोकाची धार मोडली,
नाहीतर जोडा चावतो.
मग त्याने माझ्या शाळेतल्या खडूंची पेटी मागितली.
लायनरला खडू फासायचा, चाक फिरवायचं, उघडून बघायचं:
जिथे पुसला गेला तिथेच टेकतो.
दोन बोटं जागा पुसली होती.
बाकी सगळा पांढरा, नुसती हजेरी लावणारा.
कानस. खडू. पुन्हा कानस.
तिसऱ्या रात्री पेटीत फक्त निळे खडू उरले.

आत दोघं असतात, तो सांगत होता.
एकाला चाक आपल्याबरोबर ओढून घेतं,
तो स्वतःच घट्ट होत जातो.
दुसऱ्याला तेच चाक परत ढकलत राहतं,
तरी तो टेकलेला असतो, कण्हत.
आपल्यातला कोण कुठला, मी विचारलं नाही.
चहा ओतताना त्याने माझा कप आधी भरला.

केबल आणि दांडा यांच्यात काटकोन हवा,
तोही ब्रेक लागण्याच्या क्षणी, आधी नाही.
तीस वर्षं मी काटकोन शिकवला.
तो कुठल्या क्षणी हवा
हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

शेवटचा नट आवळताना ब्रेक दाबून धरावा लागतो,
म्हणजे प्लेट आपसूक मधोमध बसते.
दोन हात पुरत नाहीत.
ये ना, तो म्हणाला, पान्याकडे बघत.
चौपन्न वर्षांनी मी तिला हात लावला.
दाबून धरलं.
बोटं पांढरी पडली, संधिवाताची बोटं,
तो सावकाश आवळत होता,
जरा जास्तच सावकाश.

एप्रिलमध्ये चॅपलचा उतार.
मेंढ्यांच्या कितीतरी पिढ्या बदलल्या होत्या,
बघण्याची पद्धत तीच.
मी त्याच्या पाठीला धरून बसले,
डोळे उघडे ठेवायचे असं ठरवून.
त्याने ब्रेक दाबला. गरम लायनरचा वास आला,
करपलेल्या टोस्टसारखा.
ती कण्हली, नाक खाली घातलं,
आणि थांबली.

फाटकाच्या चार पावलं पुढे.

नवे आहेत, तो म्हणाला, मागे न वळता.
घासल्याशिवाय बसत नाहीत.
शंभरेक मैल लागतील.

मी हेल्मेट काढलं नाही.