कायमचा पत्ता

चौकीवरचा पोरगा विचारतो, कायमचा पत्ता?
मी लोकरी चोळ्यात हात घालून
काल जन्मलेलं कोकरू सावरतो.

लिही बाबा: उन्हाळ्यात भरमौरच्या वर,
थंडीत कांगड्याच्या उतारावर,
मधे कुत्रा बसेल तिथे.

दक्षाच्या यज्ञाचं बोलावणं
आमच्या शिवालाही आलं नव्हतं.
लोक म्हणतात, अपमान.
मला वाटतं, पत्ताच नसेल.

मग सतीला खांद्यावर घेऊन तो फिरला.
ती जिथे जिथे सांडली, तिथे देवळं झाली,
घंटा, पायऱ्या, पिनकोड.
तो चालतच होता.

जालसूच्या खिंडीत माझी बिमलो
एका दगडाखाली आहे.
दरसाल त्यावर मीठ ठेवतो.
मेंढ्यांनी चाटून चाटून
त्याची पिंड झालीय.

तेवढंच लिही.

रकाना लहान आहे, म्हणतो.