निळा एप्रन

कारागांडात बर्फ पांढरा राहत नाही.
पडतो तेव्हा असतो, घटकाभर,
मग खाणीची काजळी त्याला हात पुसते.

बराकींच्या मागे, युस्टिना ड्यूकच्या दारात
एक दोरी होती.
दोरीवर निळा एप्रन दिसला
की समजायचं, आज रात्री प्रार्थना.
एकेकट्यानं यायचं, वेगवेगळ्या वाटांनी,
बूट आत घ्यायचे,
आणि गायचं ते इतकं हळू
की किटलीची वाफ वरचढ व्हावी.

जानेवारीत तिच्या नवऱ्याला नेलं.
गेरहार्टला. तिसऱ्यांदा.
जमिनीच्या फळ्या उचकटल्या, गादी फाडली.
शुभवर्तमानाच्या हातानं उतरून काढलेल्या वह्या
बटाट्यांच्या पोत्यात सापडल्या.
बटाटेही नेले.

मग दोरी रिकामी.
एक बुधवार. दुसरा. तिसरा.
पाव आणायच्या रांगेत आम्ही
एकमेकांच्या टोप्यांकडे बघायला लागलो,
चेहऱ्यांकडे नाही.

मला कचेरीत बोलावलं.
साहेब वाईट नव्हता. खुर्ची दिली, सिगारेट पुढे केली,
आणि टाइप केलेला एक कागद :
मी, पेटर यान्त्सेन, या पंथाशी असलेला संबंध तोडत आहे.
खाली रेघ.
'घरी ने. विचार कर.
मुलगी हुशार आहे म्हणे तुझी.'

नऊ रात्री तो कागद टेबलावर, दिवा जळता.
मी प्रार्थना केली असं म्हणणार नाही.
मी रेघेकडे बघत होतो.
फार लांब नव्हती, पण माझं नाव मावलं असतं.

दहाव्या दिवशी, उणे बत्तीस,
कोळशाच्या ट्रकमागे उभा राहून घरी येताना
दिसला.
थंडीनं फळीसारखा ताठ,
वाऱ्यावर फडफडत नव्हता,
खांबावर टकटक करत होता.

वाटलं, मी एकटाच असेन.
अकरा जण होतो.
युस्टिना म्हणाली, 'पेटर,
चुलीचं दार सैल झालंय, बघ जरा.'
मी बिजागरी ठोकली. आम्ही उकडलेलं बीट खाल्लं.
मग ती उभी राहिली, पाठ असलेलं वचन म्हणू लागली
आणि मध्येच थांबली.
पुढचा भाग गेरहार्ट म्हणायचा.
कुणी हललं नाही. चुलीत कोळसा खाली बसला.
तेव्हा कोपऱ्यातून म्हातारा आब्राम,
छातीत चाळीस वर्षांची खाण असलेला,
खोकत, थांबत, पुन्हा खोकत
पुढची ओळ घेऊन आला,
बोगद्यातून कुणी दिवा घेऊन यावं तसा.
तिनं ती घेतली, आणि पुढे गेली.

कागद मी कोरा परत दिला.
यात शौर्य नव्हतं.
'नाही' दोनदा म्हणावं लागलं,
पहिलं साहेबाला ऐकूच गेलं नाही.
मुलीला विद्यापीठात घेतलं नाही.
ती अजून गणवेश शिवते, आणि तिनं मला
कधी काही विचारलेलं नाही.
हे लिहून ठेवायला हवं.

फार वर्षांनी, गेरहार्टला पुरून आल्यावर
(तो परतला होता, दात गेलेले, हसू तेच)
मी युस्टिनाला विचारलं,
त्या दिवशी एप्रन वाळत घालायचं बळ
कुठून आणलंस?

ती कप विसळत होती.
'बळ कसलं रे. मी दोरीच काढणार होते.
पण झोप यायची नाही, खिडकीशी बसून राहायचे,
आणि समोरच्या बराकीत तुझा दिवा.
रोज. पहाटेपर्यंत.
म्हटलं, पेटर अजून गुडघ्यांवर आहे,
मग मला काय धाड भरलीय?'

मी काही बोललो नाही.
फडकं घेतलं, कप पुसू लागलो,
आणि पुसून झाला तरी
पुसत राहिलो.