कल्हई

तांबट आळीत दुपारी बोलायचं
तर दोन ठोक्यांच्या फटीत बोलावं लागतं.
करडेकाका, साइट अपडेट करायचीय.
ठण्.
दोन भगदाडं सापडलीत.
ठण्.
वर्षाचे पैसे द्या.
"अगं, गेल्या दिवाळीला तर सगळं केलं होतंस!"

मी त्यांच्या पाठीमागच्या पातेल्याकडे बोट दाखवलं.
त्यालाही गेल्या दिवाळीलाच कल्हई केली होती.
आज त्यात ताक ठेवाल?
हातोडी थांबली.
"कळकेल," ते म्हणाले,
आणि गल्ला उघडला.

या माणसाच्या दुकानात
प्रत्येक घंगाळाच्या बुडाला खरेदीचा भाव खडूने लिहिलेला,
आकड्यांत नाही, अक्षरांत.
कुठलं अक्षर म्हणजे किती
हे घरात कुणालाच ठाऊक नाही.
आणि साइटचा पासवर्ड?
कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकटीत,
चहा आणणाऱ्या पोराला तोंडपाठ.
मी तो बदलला. म्हटलं, लिहून ठेवू नका.
त्यांनी लिहिला,
पण त्यांच्या अक्षरांत.
चालेल.

फोटोंवरून मात्र वाजलं.
बंबाचा एकच फोटो, अकरा एमबी.
सटाण्याच्या कुणा बाईच्या फोनवर
तो वरून खाली उतरायला सव्वा मिनिट घ्यायचा.
झाकण दिसायचं,
तोटी येईपर्यंत बाई निघून गेलेली.
"पण मठार दिसला पाहिजे. एकेक ठोका माझा आहे."
रात्री इंदिरानगरच्या खोलीत
मी फोटोचं वजन उतरवत बसले,
ठोका हलू न देता.
सकाळी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
फोन नाकाशी धरला.
"हा इथला जरा चुकला होता," म्हणाले,
"तोही आहे."

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पाणी चढलं.
आलेख, टक्केवारी, यातलं काकांना काही कळत नाही,
म्हणून आमचं माप ठरलेलं.
"कुठवर?"
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला.
दहा वाजता कमरेला.
साडेअकराला छातीला,
आणि तेव्हा दिसलं, हे सगळं गिऱ्हाईक नाही.
एकाच दारावर मिनिटाला चारशे धक्के,
हातांमागे माणूस नसलेले धक्के,
करडे१२, करडे१२३,
मग कॅलेंडरवरचा तो जुना, अगदी अचूक.
दार उघडलं नाही.
गंगापूरला दरवाजे धरतात तशी मी वाट आवळली,
खऱ्यांना थोडं थोडं सोडत राहिले.
मारुतीचं नाक कोरडं राहिलं.

दोन वाजता, झोप उडालेली, म्हणून खाती तपासली.
काका. मी.
आणि विश्वजित करडे, सर्व अधिकार,
शेवटचा प्रवेश चार वर्षांपूर्वी.
पहिली साइट त्यानेच बांधलेली.
आता चाकणला, स्टीलच्या कंपनीत.
यावरून बापलेकांचं काय बोलणं झालं
ते आळीला माहीत आहे, मला विचारायचं नव्हतं.

पण न वापरलेलं दार हेच पहिलं फुटतं.
पाडव्याला विचारलं, काढून टाकू?
ते एका तपेल्याची कड वाकवत होते.
कड पूर्ण वळेपर्यंत बोलले नाहीत.

"नाव राहू दे," म्हणाले.
"किल्ली काढून घे."

तसं करता येतं.
मी तसं केलं.